मोरखिंडीतला पीळ

सुनंदा झोरेला घोणस चावली ती गुरुवारी सकाळी साडेनऊला, बांधावरचं गवत कापताना. तिच्या नवऱ्यानं, अंकुशनं, तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागे धरायला धाकट्या भावाला घेतलं आणि सव्वादहाला कुंभेरीचं ग्रामीण रुग्णालय गाठलं. म्हणजे अगदी वेळेत. डॉक्टर जागेवर होते. सापाची लस तर त्याच सकाळी, पंधरा मिनिटांपूर्वी, जिल्ह्याच्या औषध भांडारातून आली होती. एवढं सगळं जुळून आलेलं असताना सुनंदा वाचली नाही.

सव्वादहा वाजून चार मिनिटांनी भांडारात ऋजुता कणसेचा फोन वाजला. कुंभेरीचे डॉक्टर मुल्ला बोलत होते.

"मॅडम, पेटीत आठ पाकिटं आहेत. सहांची सीलं लाल दाखवतायत, दोनच हिरवी. सीलं वाचून लसीच्या कपाटानं सगळीच पाकिटं आत कुलूपबंद केली, उघडायचा कोड देत नाही. तुम्ही तिकडून सोडलीत तरच उघडेल."

"बर्फ?"

"ड्रायव्हर म्हणतोय घट्ट आहे, हात लावून बघा. पण बाईची अवस्था घाबरवणारी आहे मॅडम, हिरड्यांतून रक्त यायला लागलंय. काय करू, देऊ का?"

ऋजुतानं समोरच्या पडद्यावर त्या गाडीचा सकाळचा प्रवास उघडला. भांडारातून साडेसहाला निघालेली गाडी मोरखिंडीच्या पायथ्याशी बेचाळीस मिनिटं उभी होती. तिथं थांबा मंजूर नव्हता. दोन महिन्यांत ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळी सीलं लाल झाली होती आणि दोन्ही वेळी गाडीवर तोच माणूस होता, यशवंत शेलार.

"बर्फ वाटेत बदलता येतो, डॉक्टर," ती म्हणाली. "लाल म्हणजे लस उबेला लागली. एकाच पेटीतली आहे, हिरव्या दोनांचाही भरवसा नाही. बिघडलेली लस टोचलीत तर तिच्यानंच बाई जाईल. नको. जिल्ह्याला हलवा."

बारा वाजून दहा मिनिटांनी रुग्णवाहिका घाट उतरत असताना सुनंदा गेली. तिला सहा वर्षांची एक मुलगी होती.

ती सीलं जिल्ह्यात आणली होती ऋजुतानंच. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून, दोन वर्षं संशोधनात काढून, मग वडिलांच्या आजारपणात ते अर्धं सोडून ती शीतसाखळी तंत्रज्ञ म्हणून भांडारात लागली होती. नवी द्रवरूप लस आपल्याकडच्या सापांवर जुन्या भुकटीपेक्षा दुपटीनं चांगली चालायची, पण आठ अंशांच्या वर तासभर राहिली की तिचं पाणी. वाटेत ती तापली की नाही हे कळणार कसं? २०४१ मध्ये 'शीतमुद्रा' नावाच्या कंपनीनं उत्तर आणलं. जिल्ह्याच्या खरेदी समितीत कुणालाच ते समजलं नाही. ऋजुताला समजलं, कारण तिनं सोडलेलं संशोधन नेमकं त्याच गोष्टीवर होतं.

इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो हे शाळेत शिकवतात. त्याला आणखी एक गुण असतो, फिरक. स्पिन म्हणतात तिला. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकली चुंबकसुई समजा. अर्धवाहकाच्या अतिशय पातळ थरात अशा कोट्यवधी सुया दाटीनं असतात. एकीला कलतं केलं की शेजारची कलते, मग तिच्या पुढची. लेझीमच्या रांगेत पहिला गडी वाकतो, मग दुसरा, मग तिसरा. माणसं जागच्या जागी असतात, वाकण्याची लाट मात्र पुढे सरकते. ही फिरकेची लहर.

आता यात एक खोडा आहे. स्फटिकाच्या आत विद्युतक्षेत्र असतं, आणि त्यातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते थोडंसं चुंबकासारखं भासतं. त्यामुळे त्याची फिरक धावण्याच्या दिशेप्रमाणे आणि वेगाप्रमाणे कलते. म्हणजे लेझीमच्या प्रत्येक गड्याच्या कानात निराळा ताल. अशी रांग एका दमात विस्कटायला हवी. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना सतत रेटत असतात, आणि या रेटारेटीतच एकमेकांना सांभाळून घेतात. रांग विस्कटत नाही. सगळ्यांचा मिळून तिला एकच पीळ बसतो, दोरखंडासारखा. या पिळाला दोन हात लागतात. एक स्फटिकाच्या घडणीचा, दुसरा वरून लावलेल्या विद्युतक्षेत्राचा. दोन्ही हातांचा जोर सारखा असला की पीळ टिकतो. पूर्वी तो सेकंदाच्या अब्जांश भागात विरायचा. 'शीतमुद्रे'च्या नव्या द्रव्यात तो थंडीत चार-चार महिने टिकायला लागला आणि ऊब लागताच विरायला लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं नुसत्या उबेनं पीळ जायचा आणि सुंभ शाबूत राहायचा. एकदा गेलेला पीळ कारखान्याशिवाय परत बसत नसे.

बोटाच्या पेराएवढं सील. त्याच्यावर वाचक यंत्र टेकवायचं. यंत्र सीलच्या एका ठरलेल्या बिंदूवर प्रकाश टाकतं. पीळ जागेवर असला तर हिरवा, नसला तर लाल. फसवणूक अशक्य. समितीपुढे ऋजुतानं हाच शब्द वापरला होता.

सीलं आली आणि एक गोष्ट गेली. आधी गाडी आली की डॉक्टर पेटीत हात घालायचे, बर्फाच्या लाद्या चाचपायचे, ड्रायव्हरला विचारायचे, कुठं थांबलास, चहा घेतलास का, वाटेत ऊन फार होतं का. आता कुणी काही विचारेनासं झालं. विचारायचं कशाला? माणूस खोटं बोलतो.

यशवंत शेलार ऋजुताच्या आईच्या गावचा, म्हणून तो मामा. सख्खा नव्हे, पण ती पाचवीत असताना दुधाच्या गाडीत पुढे बसवून शाळेला न्यायचा तो हाच, आणि पुढं तिला गाडी चालवायला शिकवली तीही यानंच. एकोणीस वर्षं औषधांची गाडी हाकत होता. शुक्रवारी तिनं त्याला भांडाराच्या कचेरीत बोलावलं. टेबलाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे बसवलं.

"मामा, मोरखिंडीला काय करत होता?"

"गाडी चार्जिंगला लावली हुती."

"चार्जिंग भांडारात होतं. खिंडीत लागत नाही."

यशवंतनं खिडकीबाहेर बघितलं.

"तीन वेळा थांबलात. तिन्ही वेळा सीलं लाल. पेटी उघडली होती का?"

"न्हाई."

"कुणाला काही विकलंत का?"

हे तोंडातून गेलं आणि तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. यशवंतनं तिच्याकडे वळून पाहिलं. रागानं नव्हे. रस्त्यात ओळखीचं कुणीतरी दिसावं आणि जवळ गेल्यावर ते भलतंच निघावं, तसं.

"बर्फ घट्ट हुता, रुजे. मी डॉक्टरला म्हणलं, हात लावून बघा."

"बर्फ इतका घट्ट कसा होता, हाच तर प्रश्न आहे मामा. साडेतीन तासांच्या प्रवासात तो जरा तरी सुटायला हवा होता."

"नव्या लाद्या हुत्या त्या. तूच दिल्यास."

खरं होतं. लाद्या तिनंच दिल्या होत्या. पण संशयाला एकदा पाय फुटले की त्याला सगळ्याच वाटा चालतात. बर्फ वितळलेला असता तर तो गुन्हेगार ठरला असता. बर्फ घट्ट होता म्हणून तो आणखीच मोठा, पूर्वतयारीचा गुन्हेगार ठरला. तो खिंडीत का थांबतो हे शेवटपर्यंत सांगेना, आणि ऋजुतानं अहवाल लिहिला: पेटी अनधिकृत थांब्यावर उष्णतेच्या संपर्कात आली. त्या अहवालावर शनिवारी पोलिसांनी यशवंतला अटक केली. निष्काळजीपणानं मृत्यू. रविवारी कुंभेरीच्या बाजारात कुणीतरी त्याच्या गाडीच्या काचा फोडल्या. दगड मारणाऱ्यांत अंकुश झोरे होता, असं लोक म्हणाले.

मंगळवारी ऋजुता पुराव्याची पेटी मोहोरबंद करायला शीतगृहात गेली. आठही पाकिटं गुरुवारपासून तिथंच ठेवली होती. नोंदीसाठी ती वाचक यंत्र एकेका सीलवर टेकवत गेली. लाल. लाल. हिरवा.

ती थांबली. यादी पाहिली. तिसरं पाकीट गुरुवारी लाल होतं. तिनं यंत्र पुसून पुन्हा टेकवलं. हिरवा.

उबेनं विरलेला पीळ परत येत नाही.

कुणी सील बदललं? शीतगृहाची किल्ली तिच्याकडे आणि भांडारपालाकडे. तिला भांडारपालाचा संशय आला, मग शिपायाचा, मग पोलिसांचा. क्रमांक ताडून पाहिला. सील तेच होतं. मग तिनं डॉक्टर मुल्लांना फोन केला.

"डॉक्टर, पेटी उघडली तेव्हा पाकिटं कशी होती? मांडणी आठवते?"

"फोटो काढलाय ना मी. थांबा." थोड्या वेळानं ते म्हणाले, "सहा आडवी, एकावर एक. दोन बाजूला उभी खोचलेली, जागा नव्हती म्हणून."

"उभी कुठली?"

"चौथं आणि सातवं. जी हिरवी निघाली तीच."

फोन ठेवल्यावर ऋजुता शीतगृहातल्या स्टुलावर बसून राहिली. हात गार पडले तरी उठली नाही. एकाच पेटीत, एकाच बर्फात आठ पाकिटं. आडवी होती ती लाल, उभी होती ती हिरवी. उष्णतेला आडवं-उभं कळत नाही. ती सगळीकडून सारखीच शिरते.

दिशा कळते ती विद्युतक्षेत्राला.

पिळाचा दुसरा हात! बाहेरून एखादं क्षेत्र वरून खाली त्या थरात घुसलं, तर आडव्या सीलमध्ये ते दुसऱ्या हाताचा जोर किंचित वाढवेल, पीळ विरण्याइतका नाही, नुसता घट्ट होण्याइतका. उभ्या सीलला त्याची दिशाच लागू पडणार नाही. पीळ घट्ट झाला की ठरलेल्या बिंदूवर लहरीचा माथा नसून पोट येणार, आणि यंत्र लाल म्हणणार. क्षेत्र गेल्यावरही थोडा भार थरात अडकून राहणार आणि दिवसादिवसानं गळत जाणार. म्हणून तिसरं हिरवं झालं.

हे खरं की आपल्याला आता खरं वाटावंसं वाटतंय? तिला स्वतःचाही भरवसा उरला नव्हता. तिनं वाचक यंत्राचं मागचं झाकण काढलं. आत कारखान्यात जुळवणीसाठी वापरायचा एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की प्रकाशाचा बिंदू सीलवर सरकतो. तिनं पहिलं सील घेतलं आणि स्क्रू केसभर फिरवत आकडे लिहीत गेली. लहर विरलेली असती तर सगळीकडे शून्य आलं असतं. आकडे चढले, उतरले, पुन्हा चढले. लहर शाबूत होती, पूर्ण उंचीची. फक्त तिची वेटोळी जवळजवळ आली होती.

लस तापलीच नव्हती.

बुधवारी दुपारी 'शीतमुद्रे'चा अभियंता निनाद रेगे पुण्याहून गाडी घेऊन हजर झाला. तिनं त्याला बोलावलं नव्हतं.

"लाल सीलं आम्ही परत नेतो, मॅडम. नियमच आहे. पोलिसांना प्रमाणपत्र आम्ही देऊ."

"आठवडाही झाला नाही. एवढी घाई?"

"घाई कसली. शिस्त."

"त्यातलं एक काल हिरवं झालं," ऋजुता सहज बोलावं तसं म्हणाली.

"बाकीचीही होतील आठ-दहा दिवसांत. म्हणून तर लगेच..." निनाद मध्येच थांबला.



"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

निनाद माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर खुर्चीत असा खचला नसता. त्यानं सांगितलं ते असं: पहिल्या सीलांवर तांब्याचा पातळ पापुद्रा होता, बाहेरचं क्षेत्र अडवायला. सरकारी पुरवठ्यासाठी स्वस्त सील काढलं तेव्हा तो वगळला. कुठल्या खेड्यात एवढं क्षेत्र असणार, असा विचार. वर्षाभरात राज्यातून चौदा तक्रारी आल्या. सगळ्या ठिकाणी ड्रायव्हर दोषी ठरले.

"चौदा," ऋजुता म्हणाली.

"मॅडम, नवी सीलं तीन महिन्यांत येतायत. आत्ता हे बाहेर पडलं तर लोक लसीच घेणार नाहीत. लहान मुलांच्या लसींवरही हीच सीलं आहेत. तुम्ही समितीत होता, तुमच्या शब्दावर घेतली होती. तुम्हालाही त्रासच आहे."

तो धमकी देत नव्हता, सांगत होता. तेच वाईट होतं, कारण ते खरं होतं. तिनं त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. पण तो फाटकाबाहेर गेल्यावर तिच्या मनात आलं, की लाल खोटं निघतं तर हिरव्याचं काय? आणि मामा निर्दोष आहे, तर गप्प का?

कारण एक गोष्ट अजून जुळत नव्हती. गाडीचा टप लोखंडी पत्र्याचा. पत्र्याच्या आत बाहेरचं विद्युतक्षेत्र शिरतच नाही. म्हणजे यशवंतनं पेटी गाडीतून बाहेर काढली होती. न्हाई म्हणाला होता तो, पण पेटी 'उघडली का' असं तिनं विचारलं होतं. 'काढली का' असं नव्हे.

गुरुवारी तिनं एका शीतपेटीत बर्फ भरला, भांडारातली चार ताजी हिरवी सीलं घेतली आणि स्वतः गाडी चालवत मोरखिंड गाठली. पायथ्याशी वळणावर विजेच्या मनोऱ्यांची नवी रांग डोंगर चढून गेली होती. जानेवारीत सुरू झालेली एकदिश प्रवाहाची उच्चदाब वाहिनी. साध्या तारांमधलं क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडे होतं, त्याचा परिणाम खोडला जातो. या तारांतलं क्षेत्र एकाच दिशेनं जमिनीकडे दाबत राहतं, रात्रंदिवस. तारांखाली उतरताच तिच्या हातावरचे केस उभे राहिले.

तारांच्या बरोबर खाली एक पत्र्याची चार्जिंग शेड होती. मागे दोन खोल्यांचं घर, पुढे सिमेंटचा ओटा, ओट्यावर प्लास्टिकच्या कागदाचं छप्पर. ओट्यावर तिशीच्या आतली एक बाई तान्ह्या मुलाला पेज भरवत होती. तिनं भांडाराची गाडी पाहिली आणि पटकन उठली.

"आबा सुटले का?"

ऋजुताला कळायला क्षणभर लागला. मग तिला तो चेहरा आठवला. तनुजा, यशवंतची मुलगी. चार वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं.

"काका लोकांनी देवापुढं शपथ घ्यायला लावली," तनुजा म्हणाली. "तिचा उंबरा ओलांडणार न्हाई म्हणून. आबांनी घेतली. मग हा झाला." तिनं मुलाकडे हनुवटीनं दाखवलं. "ऑगस्टमदी एकदा आले. आत या म्हणलं तर म्हणाले, शपथ हाय. हितंच ओट्यावर बसले. तवापास्नं खिंडीतनं गाडी आली की येत्यात. ह्याला मांडीवर घ्यायचं, अर्धा-पाऊण तास बसायचं. उंबऱ्याच्या आत पाऊल न्हाई टाकलं कधी."

"आणि औषधाची पेटी?"

"गाडी उन्हात तापती, चार्जिंगला लावली की आतलं गार करायचं यंतर बंद पडतं. म्हणून पेटी उचलून हितं ठिवत्यात, सावलीला, माझ्या नदरंसमोर म्हणत्यात. वर वलं पोतं टाकत्यात. मी म्हणलं आत ठिवू का, तर न्हाई म्हणले. सरकारी माल हाय, माझ्या हाताखालनं हलायचा न्हाई."

ऋजुतानं बर्फाची पेटी ओट्यावर ठेवली. दोन सीलं आडवी, दोन उभी. चाळीस मिनिटं दोघी बसून राहिल्या. मूल रांगत येऊन पेटीला धरून उभं राहिलं. मग तिनं यंत्र टेकवलं. आडवी दोन्ही लाल. उभी दोन्ही हिरवी. तिनं पेटीत हात घातला. बर्फ दगडासारखा होता.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत यशवंत तिच्यासमोर बसला तेव्हा तो आठ दिवसांत बराच वाळल्यासारखा दिसत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"तनूचं नाव घालू नको कागदात."

"मामा, पेटी कुठं ठेवली होती हे लिहिल्याशिवाय सुटका नाही."

"मग ऱ्हाऊ दे. भावकीला कळलं तर त्या पोरीला तिथं राहू द्यायचे न्हाईत. मला काय, दोन वर्सं."

"चौदा ड्रायव्हर आहेत मामा, तुमच्यासारखेच."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तू इचारलंस तवा मी बोललो न्हाई, ही माझी चूक. पर तू पोलिसावानी इचारलंस, रुजे. तू घरच्यावानी इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

निर्णय शेवटी या दोघांतल्या कुणी नव्हे, तनुजानं घेतला. जिल्ह्याच्या चौकशी समितीपुढे सोमवारी ऋजुता आकडे मांडत असताना दार उघडून ती आत आली, कडेवर मूल, मागे नवरा. "पेटी माझ्या ओट्यावर हुती," ती म्हणाली. "मी साक्ष द्यायला आले. माझं नाव लिवून घ्या, पत्ता बी लिवा." यशवंतचे दोघे भाऊ मागच्या बाकावर होते. थोरला उठून निघून गेला. धाकटा जागचा हलला नाही. पण मान खाली घातली ती सुनावणी संपेपर्यंत वर केली नाही.

समितीनं पुरावा सहजासहजी मानला नाही. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "कणसे मॅडम, दहा दिवसांपूर्वी तुम्ही लेखी दिलंत की पेटी तापली. आज म्हणता तापली नाही. तुमच्या कुठल्या सहीवर विश्वास ठेवायचा?"

"पहिली सही मी सीलवर विसंबून केली," ऋजुता म्हणाली. "दुसरी बघून केली. तुम्हाला दोन्हींचा संशय असेल तर पाकिटांतल्या लसीच्या कुप्या तपासा."

कुप्या प्रयोगशाळेत गेल्या. अहवाल तीन आठवड्यांनी आला. आठही पाकिटांतली लस शंभर टक्के गुणाची होती. खटला मागे घेतला गेला, राज्यभरची ती सीलं थांबवण्याचा आदेश निघाला, चौदा प्रकरणं पुन्हा उघडली. ऋजुताची वेतनवाढ रोखली आणि तिच्या सेवापुस्तकात ताशेरा आला. तिनं त्यावर अपील केलं नाही. यशवंतनं घर भावांना सोडलं आणि खिंडीत शेडच्या शेजारी खोली बांधायला काढली.

अहवाल हातात पडला त्या दिवशीच ती झोरेवस्तीवर गेली. कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर मुल्ला म्हणाले होते, मी पण येतो. पण ऐन वेळी त्यांना रुग्ण आला. एका अर्थी बरंच झालं.

अंकुश गोठ्यात होता. तिला ओळखून त्यानं हातातलं वैरणीचं पेंडकं खाली टाकलं, पण बस म्हणाला नाही. ती उभ्यानंच बोलली. जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

"म्हंजी लस चांगली हुती."

"हो."

"टोचली असती तर ती जगली असती."

"बहुतेक. हो."

"आन् मी त्या डायव्हरची गाडी फोडली." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. मग एकदम मान वर केली. "मग आता मी कुणाला धरू? त्या सीलाला?"

"मला," ऋजुता म्हणाली. "डॉक्टर टोचायला तयार होते. त्यांनी मला विचारलं. मी नको म्हणाले."

दाराआडून एक लहान मुलगी पाहत होती, केसांना तेल न लागलेली. अंकुशनं तिला जवळ बोलावून तिच्या कानात काही सांगितलं. ती आत पळाली आणि शाळेची वही आणि पेन घेऊन आली.

"हे लिवून द्या," तो म्हणाला. "मला वाचाया येतंय, पर माझ्यापायी न्हाई. ही मोठी झाली की इचारंल, आई कशानं गेली. तवा मला नीट सांगता यायचं न्हाई."

ऋजुता गोठ्याच्या कडेला दगडावर बसली आणि लिहायला लागली. 'तांत्रिक त्रुटीमुळे झालेल्या चुकीच्या निदानामुळे', असं पहिलं वाक्य झालं. अंकुश वाकून वाचत होता.

"हे काय म्हंजी?"

तिनं ते खोडलं. 'सीलमध्ये दोष होता,' असं लिहिलं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. तो तसाच वाकून वाचत होता. तिनं तेही खोडलं. पान अर्धं खाडाखोडीनं भरलं होतं. मुलगी तिच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली.

खाली मोकळ्या ओळीवर ऋजुतानं लिहिलं, 'औषध चांगलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, देऊ का. मी नको म्हणाले.' मग तारीख घातली, आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.